बँकेच्या दारात जाताना

(गणेशगुडी येथे जोयडा तालुक्यातील तरुण मंडळे, महिला मंडळे आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण. लिहून काढताना बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



आज लाईट आहे, पाऊस नाही आणि मोबाईलला एक का होईना कांडी दिसते आहे. गणेशगुडीत या तीन गोष्टी एका वेळी जुळून आल्या म्हणजे मुहूर्त चांगला म्हणायचा. समोर सुप्याचं धरण, त्याच्या पायथ्याला १०० मेगावॅटचं वीजघर, आणि आपण मेणबत्ती खिशात घेऊन सभेला येतो. असो. आजचा विषय वीज नाही, पैसा आहे.

मला सांगितलं गेलं की, "बँकांकडून सामाजिक कामाला मदत मिळते म्हणतात, ती कशी मागायची ते सांगा. तुम्हाला मिळाली आहे." खरं आहे, मिळाली. पण ती तिसऱ्या अर्जाला मिळाली. आधीचे दोन अर्ज कसे गेले, तेच मी जास्त सांगणार आहे, कारण त्यातच शिकण्यासारखं आहे.

आमची संस्था म्हणजे भाड्याची एक खोली. एका निवृत्त गुरुजींनी दिलेली चाळीसेक मराठी पुस्तकं, दोन बाकडी आणि एक पंखा. शाळा सुटल्यावर आजूबाजूच्या वाड्यांवरची मुलं बसची वाट बघत इथं थांबायची. उन्हापावसात उभं राहण्यापेक्षा आत बसू देत, एवढ्याच विचारानं खोली उघडी ठेवली. मग कुणी गृहपाठ करू लागलं, कुणी पुस्तक चाळू लागलं. दोन वर्षांनी आम्ही तिला अभ्यासिका आणि वाचनालय म्हणू लागलो.

मग आम्हाला वाटलं की हॉल पाहिजे. पहिला अर्ज मी लिहिला. चार पानं. त्यातलं दीड पान १९५६ पासून सीमाभागावर झालेल्या अन्यायाचं, एक पान आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं, एक पान मराठी भाषेच्या थोरवीचं आणि शेवटी दोन ओळी: तरी सभागृह बांधण्यासाठी ९ लाख रुपये मंजूर करावेत. त्या अर्जाचा मला फार अभिमान होता. सभेत वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या.

बँकेच्या साहेबांनी तो शांतपणे चाळला आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, "हॉल बांधणार ती जागा कुणाच्या नावावर आहे?" दुसरा, "मुलं किती येतात?"

दोन्हीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागेचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या तालुक्यात जंगल खात्याची जमीन, धरणाची जमीन, काळी व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र. हे सगळं सोडून ज्याच्या पहाणी पत्रिकेवर स्वतःचं नाव आहे असा तुकडा संस्थेला कुठून मिळणार? पण मुलांचा आकडा तर माझ्याकडे असायला हवा होता. मी म्हणालो, "भरपूर येतात." साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "भरपूर हा आकडा मला वर पाठवता येत नाही."

त्या दिवशी बसमध्ये परत येताना मला राग आला होता तो बँकेचा. घरी पोचेपर्यंत तो स्वतःवर वळला. १९५६ ची तारीख तोंडपाठ, आणि काल खोलीत किती मुलं बसली होती ते माहीत नाही!

म्हणून पहिली गोष्ट. अर्ज लिहिण्याआधी एक वही घाला. शंभर पानी, साधी. रोज कोण आलं, कुठल्या गावचं, कितवीतलं, कुठल्या माध्यमाचं, कुठलं पुस्तक नेलं. आमच्याकडे ही वही आठवीतल्या एका मुलीनं सांभाळली. माझ्यापेक्षा नीट सांभाळली. वर्षअखेर त्या वहीतून निघालं की ६३ मुलं येतात, त्यातली निम्म्याहून जास्त कन्नड माध्यमातली आहेत, कुणबी, गवळी, सिद्दी घरांतली मुलं आहेत आणि मुलगे कमी, मुली जास्त आहेत. आमच्याच खोलीत काय चाललंय, ते आम्हाला त्या वहीनं सांगितलं.

आता जरा मागे जाऊन बँका पैसे का देतात ते बघू. कारण भीक मागायला आल्यासारखं तोंड करून आपण बँकेत उभे राहतो, ते मला आवडत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या बँकांचा जन्मच मुळी समाजकार्यातून झाला. अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी मंगळुरात १८९१ साली आधी शाळा काढली आणि मग १९०६ साली फंड काढला. तोच फंड पुढे कॅनरा बँक झाला. उडुपीत १९२५ साली सिंडिकेट बँकेची सुरुवात झाली आणि तिनं १९२८ साली पिग्मी आणली. रोज दोन आणे घरी येऊन गोळा करायचे. पिग्मी शब्द इथल्या कुठल्याही दुकानदाराला समजावून सांगावा लागत नाही. हॉटेलवाला, भाजीवाली मावशी, रिक्षावाला, सगळ्यांनी पिग्मी भरली आहे. तेव्हा बँकेचा नफा आकाशातून पडत नाही. त्यात आपल्या गल्ल्यातली चिल्लर आहे. त्या नफ्यातला थोडा भाग गावात परत यावा असं म्हणणं म्हणजे भीक नव्हे. पण ते म्हणण्याची एक रीत आहे.

आता रीत सांगतो. बँक बघून अर्ज करायचा, कारण सगळ्या बँका एका नियमाखाली येत नाहीत.

खासगी बँका, म्हणजे एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस, आणि हो, मंगळूरची कर्नाटक बँकसुद्धा. नाव कर्नाटक असलं तरी ती सरकारची नाही. या बँका कंपनी कायद्याखाली येतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यालाच आपण सीएसआर म्हणतो. कुठल्या कामावर खर्च करायचे त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. शिवाय जिथं कंपनीचा व्यवहार आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो.

सरकारी बँका, म्हणजे स्टेट बँक, कॅनरा, युनियन. या स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झालेल्या. त्यांना कलम १३५ लागू नाही. पण आधीच्या वर्षाच्या जाहीर नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत देणगी देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, आणि त्या ती देतात. म्हणून स्टेट बँकेच्या अर्जात "कलम १३५ प्रमाणे आपण बांधील आहात" असं लिहू नका. समोरचा माणूस पहिल्याच ओळीत ओळखतो की यांनी दुसऱ्याचा अर्ज उतरवून काढलाय.

तिसऱ्या ग्रामीण आणि सहकारी बँका. यांची ताकद लहान, पण माणूस जवळचा. शिरसीची केडीसीसी बँक घ्या, की आपण जिला अजून विकास बँक म्हणतो ती घ्या. हां, तिच्याबद्दल एक सूचना. धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून राहिली नाही. ती आणि दुसरी ग्रामीण बँक एक होऊन कर्नाटक ग्रामीण बँक झाली, मुख्यालय बळ्ळारी. सिंडिकेटसुद्धा १ एप्रिल २०२० पासून कॅनरात मिसळली. तरी आपल्या मंडळांच्या अर्जांवर अजून जुनी नावं असतात. ज्या बँकेला पत्र लिहितोय तिचं आजचं नाव आपल्याला माहीत नसेल, तर तिनं आपल्या गावाचं नाव का लक्षात ठेवावं?

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या लोकांना कागदाची किंमत धरणाच्या काळापासून ठाऊक आहे.

पहिला कागद नोंदणीचा. आपण सीमेवरची माणसं, सल्ला विचारतो कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पाहुण्याला. पाहुणा सांगतो, "धर्मादाय आयुक्तांकडे जा." तिकडे ते बरोबर आहे. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. इकडे ते कार्यालयच नाही. कर्नाटकात संस्थेची नोंदणी १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते, सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे, निदान सात सभासद लागतात. ट्रस्ट करायचा असेल तर ट्रस्ट डीड करून उपनिबंधक कार्यालयात नोंदवायचं. आमचे सहा महिने चुकीच्या सल्ल्यात गेले. आणि नोंदणी झाली म्हणजे संपलं नाही. दर वर्षी सर्वसाधारण सभा, कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट झालेला ताळेबंद जमा करायचा. आपल्याकडे दहा मंडळांपैकी किती जण हे करतात ते हात वर करून सांगू नका, मला माहीत आहे.

दुसरा, संस्थेच्या नावाचा पॅन आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं. अध्यक्षांच्या नावाचं चालत नाही, अध्यक्ष कितीही प्रामाणिक असोत. सही दोघांची ठेवा.

तिसरा, आयकर खात्याची १२अ आणि ८०जी नोंदणी. पहिल्यांदा ती तात्पुरती मिळते, तीन वर्षांची. ती कायम करून घ्यायला मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि काम त्याआधी सुरू झालं असेल तर काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पुष्कळ चांगल्या संस्था या एका तारखेपायी अडकतात.

चौथा, कलम १३५ चा सीएसआर निधी घ्यायचा तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय पैसे मिळत नाहीत. त्यावर सीए किंवा कंपनी सेक्रेटरीची सही लागते आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. पाचवी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद. हे सगळं आता ऑनलाईन आहे. आमच्या सेक्रेटरीला ओटीपी यायचा नाही, म्हणून तो पोटोलीच्या बाजूला चढावर जाऊन उभा राहायचा आणि खाली दुकानात कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला आकडे ओरडून सांगायचा. हसू नका, आमची दर्पणची नोंद तशीच झाली आहे.

आता तो अनुभव दिसतो कशात? तीन वर्षांच्या हिशोबात. इथंच पिग्मीची आठवण ठेवा. पिग्मीवाल्याला कर्ज का मिळायचं? तो श्रीमंत होता म्हणून नव्हे. रोज दोन आणे न चुकता भरलेले वहीत दिसत होते म्हणून. संस्थेचंही तेच. वर्षाला बारा हजारांचा जमाखर्च असू दे, पण तो पावतीसकट, कीर्दवहीत, ऑडिट होऊन तीन वर्षं सलग असू दे. लाखाची उलाढाल आणि पावत्या पिशवीत, यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

आता दुसऱ्या अर्जाची गोष्ट सांगतो. ही मला सांगायला जड जाते.

पहिल्या फजितीनंतर आम्ही शहाणे झालो होतो. हॉल सोडून दिला. जागा नसेल तर हलवता येणारी वस्तू मागावी, हे कळलं. कपाटं, टेबलं, पुस्तकं, सोलरचे दिवे. आकडे नीट, वही जोडलेली. दुसऱ्या एका बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांना काम आवडलं. पण जाता जाता म्हणाले, "एक सुचवतो. संस्थेच्या नावातला मराठी शब्द काढून टाकता आला तर बघा. वर फाईल अडू शकते."

त्या रात्री बैठक झाली. अण्णा म्हणाले, "शब्द काढा. पुस्तकं मराठीच राहणार आहेत ना? मुलांना दिवे मिळू देत." खजिनदार अक्का सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आज पाटीवरचा शब्द काढा म्हणतात. उद्या कपाटातली पुस्तकं काढा म्हणाले तर तेव्हा काय करणार?" एक तरुण म्हणाला की बँकेवर मोर्चा काढू. दुसरा म्हणाला की मोर्चा काढल्यावर मुलं कुठल्या दिव्याखाली बसणार? बारा वाजेपर्यंत वाद चालला. दोन्ही बाजूंना माझीच माणसं होती आणि दोघांचंही मला पटत होतं.

शेवटी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, नाव बदलायचं नाही. नोंदणी, पॅन, १२अ, सगळं त्या नावावर आहे, आणि त्या नावात लाजण्यासारखं काही नाही. दोन, पत्रात रागाचा एक शब्द घालायचा नाही. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, सार्वजनिक वाचनालय आहे, कला आणि संस्कृतीचं जतन आहे. तिथं अमुक भाषेचं वाचनालय चालेल आणि तमुक भाषेचं चालणार नाही असं कुठंही म्हटलेलं नाही. एवढंच लिहायचं. आणि तीन, हे वाचनालय कुणाचं आहे ते आकड्यांनी दाखवायचं. कन्नड माध्यमाची मुलं येतात, त्यांच्या क्रमिक पुस्तकांसाठी एक फळी कन्नडची ठेवायची. यावर काही जण नाराज झाले. मी त्यांना एवढंच विचारलं, "आपल्या घरातली मुलं कन्नड शाळेत आहेत की नाहीत?" आहेत. मग त्यांची पुस्तकं ठेवल्यानं आपलं मराठी कमी होत नाही. उलट कन्नड शाळेत जाणारं पोर त्याच फळीच्या शेजारी मराठी गोष्टीचं पुस्तक बघतं आणि नेतं. आमच्या वहीत तशी नोंद आहे.

पत्र गेलं. त्या बँकेचं उत्तर आलं नाही. ना हो, ना नाही.

त्या वर्षी दहावीला असलेली आमची पाच मुलं दिव्याविना बसली. पावसाळ्यात सायंकाळी लाईट गेली की घरी जायची. नाव राखलं, त्याची किंमत आम्ही नाही दिली, त्या पाच मुलांनी दिली. हे मी लपवणार नाही. तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी नाव काढणार नाही. पण दिव्यासाठी घरोघर फिरून वर्गणी त्याच आठवड्यात गोळा करीन, बँकेची वाट बघत वर्ष घालवणार नाही. ही चूक आमची होती, बँकेची नव्हे.

भाषेच्या हक्काची कामं आहेतच. मराठीतून परिपत्रकं, मराठी शाळांना शिक्षक, राज्यघटनेच्या ३५०अ कलमाप्रमाणे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय. त्यासाठी निवेदन द्या, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना लिहा, सभा घ्या. ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी. अनुदानाच्या अर्जात ते मिसळलं की दोन्ही कामं बुडतात. आणि निवडणुकीचा वास तर अजिबात येऊ देऊ नका. राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरतच नाहीत. ज्या मंडळाच्या लेटरहेडवर उमेदवाराचा फोटो आहे, त्यानं बँकेत जाण्याआधी लेटरहेड बदलावं.

तिसरा अर्ज दीड पानाचा होता. त्यात पाच प्रश्नांची उत्तरं होती. आम्ही कोण? अडचण काय, कुणाची, किती जणांची? आम्ही काय करणार? किती खर्च, वस्तूवार? झाल्यावर ते तुम्हाला कसं दिसेल? बस. खर्चाच्या यादीला प्रत्येक वस्तूची दोन-तीन कोटेशनं, जीएसटीसकट. ठराव मराठीतच, आमचं इतिवृत्त आजही मराठीतच लिहिलं जातं. त्याखाली इंग्रजी अनुवाद आणि अध्यक्ष-सेक्रेटरीच्या सह्या. कुणीही हरकत घेतली नाही.

आणि एक लक्षात घ्या, आमचा वाटा आम्ही लिहिला होता. खोलीचं भाडं आमचं, सांभाळणं आमचं, पुस्तकांना कव्हरं घालणं महिला मंडळाचं. गाव स्वतः काही घालतंय हे दिसलं की देणाऱ्याचा हात सैल होतो.

अर्ज एप्रिलनंतर लवकर दिला. फेब्रुवारीत जाऊन उपयोग नसतो, तोवर वर्षाची रक्कम ठरून गेलेली असते. शाखेतल्या मॅनेजरांना आधी बोलावून खोली दाखवली. मंजुरी शाखेत होत नाही, वर होते. पण वरचा साहेब शाखेलाच फोन करून विचारतो, "ही माणसं कशी आहेत?" त्या एका फोनला खालून काय उत्तर जातं त्यावर पुष्कळ ठरतं. मॅनेजरांची बदली झाली तर नव्या मॅनेजरांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, तोंड न वाकडं करता.

१ लाख ३८ हजार मंजूर झाले. दोन लाख दहा हजार मागितले होते. शिकवणाऱ्या ताईचं मानधन त्यांनी कापलं. वस्तू देऊ, पगार देणार नाही, हे बहुतेक ठिकाणी ऐकाल. ते मला पटत नाही, कारण कपाट मुलाला गणित शिकवत नाही. पण त्यावर रुसून बसलो नाही. मानधन आम्ही गावच्या वर्गणीतून देतो.

पैसे बऱ्याचदा आपल्या हातात येत नाहीत, थेट दुकानदाराला जातात. येऊ देत तसेच. आपल्या हातात आले तर ज्या कामाला दिले त्यावरच खर्च करा. गणपतीत मंडप कमी पडला म्हणून सोलरच्या पैशांतून उसने घेतले, असं एकदा झालं की पुन्हा त्या दारात जाऊ नका. काम झालं की बिलं, फोटो आणि सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र. मुलांचे फोटो पालकांना विचारून. बँकेची पाटी लागते, त्यात कमीपणा नाही. पाटीवर ६० टक्के कन्नडचा २०२४ चा नियम आहे, तो पाळा. खाली मराठीही लिहा, ती लिहू नये असं नियम म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे ना १२अ ना तीन वर्षं, आम्ही काय करायचं? रोख रकमेशिवायही बँकांकडून घेण्यासारखं आहे. हळियाळला कॅनरा बँक देशपांडे आरसेटी आहे. तरुणांना राहून, फुकट, व्यवसायाचं शिक्षण मिळतं. हा नमुना १९८२ साली उजिरेत धर्मस्थळ आणि सिंडिकेट-कॅनरा बँकांनी मिळून सुरू केला. राफ्टिंगचा हंगाम संपला की इथली पोरं चार महिने बसून असतात, त्यांना तिथं पाठवा. महिलांचे बचत गट आहेत. नाबार्डनं १९९२ साली पाचशे गटांपासून बँकजोडणी सुरू केली, आज त्यात आपल्याही आया-बहिणी आहेत. जानेवारीत जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो. मुडली आणि बाकीचे कंद विकणाऱ्या बायकांनी गट करून खातं चालवलं, तर तीन वर्षांनी त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगला हिशोब असेल.

एक धोक्याची सूचना. गावचं कुणी लंडन-अमेरिकेत असेल, तो म्हणेल मी पाठवतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं परकीय देणगीत धरत नाहीत. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी होते. त्याला २०१० च्या कायद्याखाली वेगळी परवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. प्रेमानं दिलेल्या पैशानं संस्था अडचणीत येऊ देऊ नका. आधी सीएला विचारा.

आता थांबतो. आज खोलीत चार कपाटं आहेत. लाईट गेली की दोन दिवे आपोआप लागतात. जी मुलगी वही सांभाळायची ती आता दांडेलीला कॉलेजला जाते. तिच्या जागी दुसरी आहे. दहावीची त्या वर्षीची पाच मुलं पास झाली, पण त्यातली दोन पुढं शिकली नाहीत. दिवा असता तर शिकली असती असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण त्या दोघांची नावं पहिल्या वहीत आहेत, आणि नवा अर्ज लिहायला बसलो की मी ती वही आधी उघडतो.

तुम्हाला एकच काम देतो. घरी जाताना शंभर पानांची वही घ्या, जगलबेटला, रामनगरला, जिथं मिळेल तिथं. उद्याची तारीख घाला आणि कोण आलं ते लिहा. पुढच्या वर्षी आपण इथंच भेटू तेव्हा मला भाषण नको. प्रत्येकानं आपली वही आणावी, आपण त्या एकमेकांना वाचून दाखवू.